अंगठा वर

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ, समुद्रात सहा मीटर खाली, माझ्याकडे स्कूबा डायव्हिंग शिकायला आलेल्या भाऊंनी मला अंगठा वर करून दाखवला आणि मी त्यांना हळूहळू वर घेऊन आले.

डोकं पाण्याबाहेर निघताच त्यांनी तोंडातला हवेचा रेग्युलेटर काढला. "वयर कित्याक हाडलें म्हाका? मी छान आहे म्हणून सांगत होतो!"

"भाऊ, तुम्ही अंगठा वर केलात."

ते गप्प झाले. लाटेवर हेलकावे खात स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत राहिले. "पाठ होतं गो मला," म्हणाले.

पाण्याखाली आमचा सगळा कारभार हातांवर चालतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की सगळं ठीक. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी बिघडलंय. हात मानेवरून आडवा फिरवला की हवा संपली. आणि अंगठा वर म्हणजे वर चला. त्यावर चर्चा नसते.

भाऊ फोंड्याचे, बँकेतून निवृत्त. कोर्सला दोनशे पानी वही घेऊन आले होते, प्रत्येक खुणेचं चित्र आणि खाली सुवाच्य अक्षरात अर्थ. सकाळी होडीवर मी विचारत गेले, त्यांनी एकही चुकवली नाही. तांडेलसुद्धा कौतुकाने बघत होता. घोळ माझाच होता. वहीत ज्या क्रमाने खुणा होत्या, त्याच क्रमाने मी विचारल्या.

ते विसरले म्हणावं तर तेही खरं नाही. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, बावरले, आणि दोन दिवसांपूर्वीची खूण मागे राहून जन्मभराची सवय पुढे घुसली. बऱ्याचदा विसरणं असंच असतं: शिकलेलं पुसलं जात नाही, जुनं काहीतरी आडवं येतं.

आमच्या धंद्यात 1975 चा एक प्रयोग फार लाडका आहे. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना काही शब्द काठावर आणि काही पाण्याखाली पाठ करायला दिले. जिथे पाठ केले तिथेच ते जास्त आठवले. मीही हे वर्षानुवर्षं नव्या पोरांना सांगत आले. पण 2021 मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा फरक सापडला नाही, त्यामुळे हल्ली जरा जपूनच सांगते. माझा भरवसा रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगावर जास्त. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र कागद मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. भाऊ रात्री वही चारचारदा वाचत होते. मिटून एकदाही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वही होडीतच ठेवायला लावली. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवलं, मास्क अर्धा पाण्याने भरायला सांगितला आणि खुणा उलटसुलट विचारायला लागले. चुकले की तिथल्या तिथे दुरुस्ती, मग दुसरंच काही काम, दहाएक मिनिटांनी पुन्हा तीच खूण. 'सगळं ठीक?' विचारलं की अंगठा वर. पहिल्या फेरीत तीनदा. चौथ्यांदा अर्ध्यावर गेला, थबकला आणि तर्जनीला येऊन चिकटला. मास्कच्या काचेआड त्यांचे डोळे मोठे झालेले दिसले.

दुपारी माशाचा काटा काढत असताना मी अचानक पंजा हलवून दाखवला.

"जेवू तरी दे गो बाये!" पण उत्तर बरोबर आलं.

शेवटची बुडी सुझीज रेकवर झाली. बुडालेल्या बोटीच्या सांगाड्यापाशी मी त्यांना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा गोल आला.

जूनमध्ये आमचं काम बंद असतं. एका संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस पडत असताना भाऊंचा फोन आला, ऑक्टोबरमध्ये कधी सुरू करताय म्हणून. मी म्हटलं, ते सांगते, आधी 'हवा संपली' सांगा.

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "हात मानेवरून आडवा."

"आणि आत्ता हात कुठे आहे तुमचा?"

"मानेवरच," भाऊ म्हणाले. "बायको बघतेय माझ्याकडे."