पाळीची तारीख, गर्भाची तारीख : गर्भपातानंतरच्या उपचारांचा माझा अनुभव

पहिल्या वेळी गर्भ राहिला तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीत मला विचारलेला पहिला प्रश्न "शेवटची पाळी कधी आली होती?" हा होता, आणि माझे उत्तर खरे असूनही त्याचा काही उपयोग नव्हता. पीसीओएसमुळे, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी आणि स्त्रीबीज अनियमित करणाऱ्या विकारामुळे, माझ्या दोन पाळ्यांमध्ये कधी ४५ दिवस जात, कधी ८०. पाळीच्या तारखेवरून मोजले तर गर्भ नऊ आठवड्यांचा असायला हवा होता. पडद्यावर मात्र गर्भाभोवतीची जेमतेम सहा आठवड्यांची पिशवी दिसत होती. आठवडे मोजण्याची ही पद्धत स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते असे धरून चालते. माझ्या शरीरात ते पस्तिसाव्या दिवशीही बाहेर पडले असण्याची शक्यता होती. तसे असेल तर गर्भ अगदी ठीक होता. तसे नसेल तर त्याची वाढ कधीच थांबलेली होती. या दोन्हींपैकी खरे काय, हे एका सोनोग्राफीवरून कोणीही सांगू शकत नव्हते.

ते कळायला अकरा दिवस लागले. दुसऱ्या सोनोग्राफीत गर्भ दिसला, पण त्याचे ठोके दिसले नाहीत. त्याची लांबी सात मिलिमीटरपेक्षा जास्त होती आणि एवढ्या लांबीच्या गर्भाचे ठोके दिसायलाच हवेत, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. ते अकरा दिवस मला पुढच्या सगळ्या उपचारांपेक्षा जड गेले, हे मी आधीच नोंदवून ठेवते, कारण नंतर मी जी औषधे घेतली त्यांच्याकडून माझी पहिली अपेक्षा मुलाची नव्हती, तारखेची होती.

गर्भाशय मोकळे होण्यासाठी मी गोळ्यांचा मार्ग स्वीकारला. रक्तस्राव जवळजवळ दोन आठवडे चालला. कागदपत्रांवर "गर्भपात" असा शब्द होता, आणि स्वतःहून करवून घेतलेल्या आणि आपोआप झालेल्या अशा दोन्ही गोष्टींना मराठीत सर्रास हाच शब्द वापरतात, याचा मला त्या दिवसांत फार त्रास झाला. घरी चाचणी केली तर पाचव्या आठवड्यापर्यंत फिकट दुसरी रेघ उमटत राहिली. गर्भारपणातले एचसीजी हे संप्रेरक रक्तातून पूर्ण जायला काही आठवडे लागू शकतात, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर पाळी आलीच नाही. साठ दिवस थांबून मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले आणि बसल्याबसल्या पहिला प्रश्न विचारला तो हा, की हे माझ्या पीसीओएसमुळे झाले का. त्यांचे उत्तर मला आजही आठवते, कारण त्यात दिलासा देण्याची घाई नव्हती. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात आणि त्यात आईने केलेल्या किंवा न केलेल्या कशाचाही संबंध नसतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण काहीसे जास्त आढळते, हेही खरे आहे. पण एखादा विशिष्ट गर्भपात त्यामुळेच झाला असे म्हणता येत नाही. "तुमचा गर्भ का गेला हे मी सांगू शकत नाही. पुढच्या वेळी स्त्रीबीज कधी तयार झाले हे मात्र आपण जाणून घेऊ शकतो," असे त्या म्हणाल्या. मला तेवढे पुरेसे होते.

औषध सुरू करण्याआधी तपासण्या झाल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासायची साखर, आणि माझ्या नवऱ्याची वीर्यतपासणी. ही शेवटची तपासणी अनेक ठिकाणी मागे राहते असे ऐकले होते, म्हणून मी ती आग्रहाने आधी करून घेतली. बाईचे निदान ठरलेले असले की सगळ्यांचे लक्ष तिथेच थांबते. वीर्यतपासणीचा निकाल चांगला आला. माझी साखर मधुमेहाच्या आतली, पण सीमेला लागलेली निघाली. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड चालूच होते. चेहऱ्यावरच्या केसांसाठी पूर्वी घेत असलेले स्पायरोनोलॅक्टोन गर्भासाठी सुरक्षित नसल्यामुळे मी आधीच बंद केले होते, तरी डॉक्टरबाईंनी त्याची पुन्हा खात्री करून घेतली.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमपासून सुरू झाले आणि दर आठवड्याला वाढवत १५०० पर्यंत नेले. पहिले दहा दिवस मळमळ आणि जुलाब यांनी मी बेजार झाले. हळूहळू विरघळणारी गोळी दिल्यावर तो त्रास बराच कमी झाला. पीसीओएसमध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे इन्शुलिन जास्त प्रमाणात तयार होते, आणि ते वाढलेले इन्शुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते, अशी ती साखळी आहे. मेटफॉर्मिन तिच्या पहिल्या कडीवर काम करते. मात्र केवळ मेटफॉर्मिनच्या भरवशावर गर्भ राहण्याची वाट पाहू नये, हे मला स्पष्ट सांगितले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के स्त्रियांना मूल झाले होते, तर केवळ क्लोमिफिन हे स्त्रीबीज तयार होण्यासाठीचे जुने औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांना.

मला द्यायचे ठरले ते क्लोमिफिन नव्हते, लेट्रोझोल होते. औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रकात स्तनांच्या कर्करोगाचा उल्लेख वाचून माझ्या आईने ती गोळी माझ्या हातातून काढून घेतली आणि "ही तुझ्यासाठी नाही, दुकानदाराची चूक झाली आहे," असे म्हणाली. तिची चूक नव्हती. हे औषध मुळात त्याच आजारासाठी बनले. ते शरीरातील इस्ट्रोजेनची निर्मिती काही दिवस दाबून धरते. इस्ट्रोजेन कमी पडल्याचे मेंदूला जाणवते, तो बीजकोशांना चालना देणारे संप्रेरक वाढवतो आणि एखादी पुटिका, म्हणजे स्त्रीबीज जिच्यात वाढते ती बीजकोशातली द्रवाची छोटी पिशवी, वाढीला लागते. औषध काही दिवसांत शरीरातून बरेचसे निघून जाते, म्हणजे गर्भ रुजण्याच्या वेळी ते जवळजवळ उरलेले नसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांच्या अभ्यासात लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के आणि क्लोमिफिनच्या गटात १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, आणि तेव्हापासून पीसीओएसमध्ये स्त्रीबीज तयार होण्यासाठी हे औषध पहिल्या पसंतीचे मानले जाऊ लागले. हे सगळे मी आईला कागदावर काढून समजावले. तिला किती पटले ठाऊक नाही, पण त्या रात्री गोळी तिनेच पाण्याबरोबर आणून दिली.

पाळी येतच नसल्यामुळे आधी गर्भचाचणी नकारात्मक असल्याची खात्री करून, प्रोजेस्टेरॉन या, स्त्रीबीज सुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकासारख्या गोळ्या दहा दिवस घेऊन ती आणावी लागली. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत रोज अडीच मिलिग्रॅम लेट्रोझोल. दहाव्या, तेराव्या आणि सोळाव्या दिवशी सोनोग्राफी झाली आणि तिन्ही वेळा एकही पुटिका दहा मिलिमीटरच्या पुढे गेली नव्हती. औषधाचा काही परिणामच झाला नाही, एवढाच त्या महिन्याचा वृत्तांत आहे.

दुसऱ्या वेळी मात्रा पाच मिलिग्रॅम झाली. डोके दुखायचे, मध्येच अंगातून गरम वाफ निघाल्यासारखे व्हायचे, पण ते सोसण्यासारखे होते. चौदाव्या दिवशी डाव्या बाजूला १५ मिलिमीटरची पुटिका दिसली आणि सोळाव्या दिवशी ती १९ मिलिमीटरची झाली. पडद्यावरचा तो काळा गोल ठिपका मी किती वेळ बघत राहिले हे सांगता येत नाही. चौदा वर्षे माझ्या पाळीबद्दल मला फक्त अंदाज मिळत आले होते. आज पहिल्यांदाच मोजमाप मिळाले होते. स्त्रीबीज सुटण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन दिले गेले.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते. इंजेक्शननंतर आठव्या दिवशी मी घरी चाचणी केली आणि दुसरी रेघ उमटली. मी नवऱ्याला उठवले, आम्ही दोघेही रडलो. ती रेघ इंजेक्शनची होती. गर्भचाचणी शोधते ते एचसीजीच त्या इंजेक्शनमध्ये असते आणि ते शरीरात दहा ते चौदा दिवस राहू शकते. बाराव्या दिवशी रेघ नाहीशी झाली आणि पंधराव्या दिवशी पाळी आली. आधीच्या गर्भपातानंतर रेघ फिकट होत गेली होती, तशीच ही नाहीशी होताना पाहणे म्हणजे तेच दुःख दुसऱ्यांदा भोगणे होते, जरी या वेळी गर्भ नव्हताच. स्त्रीबीज सुटण्याचा अंदाज देणाऱ्या घरगुती पट्ट्यांचाही पीसीओएसमध्ये असाच घोटाळा होतो. त्या ज्या एलएच या, स्त्रीबीज सुटण्याआधी वाढणाऱ्या संप्रेरकावर चालतात ते आमच्यात बरेचदा एरवीही वाढलेले असते, त्यामुळे पट्टी दिवसेंदिवस "आज" म्हणत राहते. मी त्या वापरणे सोडून दिले.

तिसऱ्या चक्रात इंजेक्शन नको, असे मीच म्हणाले आणि डॉक्टरबाईंनी ते मानले. मात्रा तीच ठेवली. सतराव्या दिवशी २० मिलिमीटरची पुटिका दिसली, एकोणिसाव्या दिवशी ती दिसेनाशी झाली होती. सात दिवसांनी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासले, आणि स्त्रीबीज खरोखर सुटले होते हे त्यातून पक्के झाले. ही तपासणी सरसकट एकविसाव्या दिवशी करायला सांगितली जाते. ज्यांचे स्त्रीबीज उशिरा सुटते त्यांच्यासाठी तो दिवस चुकीचा ठरतो, म्हणून दिवस मोजायचे ते स्त्रीबीज सुटल्यापासून. मग मी पूर्ण सोळा दिवस थांबले. सतराव्या सकाळी रेघ आली, ती गडद होती आणि तिच्यात इंजेक्शनचा काही भाग नव्हता.

आनंद झाला असे लिहिणे अपुरे होईल आणि झाला नाही असे लिहिणे खोटे होईल. सहाव्या आठवड्यात मला तपकिरी डाग दिसले आणि मी दिवसभर अंथरुणातून उठले नाही. पूर्वी गर्भपात झालेला असून आता रक्तस्राव होत असेल तर प्रोजेस्टेरॉनचा फायदा होऊ शकतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातून दिसले आहे; पूर्वी गर्भपात न झालेल्यांमध्ये तसा फायदा आढळला नव्हता. मला योनिमार्गे ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे ते सुरू केले. डाग चार दिवसांनी थांबले. औषधामुळे थांबले की थांबणारच होते, हे माझ्या बाबतीत कळायला मार्ग नाही आणि डॉक्टरबाईंनीही तसा दावा केला नाही.

आठव्या आठवड्यात मी त्याच खोलीत, त्याच टेबलावर होते. "शेवटची पाळी कधी?" हा प्रश्न आला तेव्हा मी पाळीची तारीख सांगून लगेच स्त्रीबीज सुटल्याची तारीखही सांगितली. ठोके दिसले. मग लांबी मोजली गेली आणि यंत्राने गर्भाचे वय दाखवले: आठ आठवडे, एक दिवस. माझ्या वहीत आठ आठवडे, दोन दिवस असे लिहिलेले होते. एका दिवसाचा फरक मोजण्यातही पडतो, असे डॉक्टरबाई म्हणाल्या, पण मी आधीच नवऱ्याचा हात सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते.

बाराव्या आठवड्यात मेटफॉर्मिन थांबवले, सोळाव्यात प्रोजेस्टेरॉन. पीसीओएसमध्ये गर्भारपणातल्या मधुमेहाची शक्यता जास्त असल्यामुळे साखरेची तपासणी लवकर झाली आणि ती अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत पुन्हा होणार आहे. आज एकोणिसावा आठवडा चालू आहे. काल रात्री पहिल्यांदा पोटात काही हलल्यासारखे वाटले. मी वहीत तारीख लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले.