आमची वाटचाल : चावी, सेल आणि चार्जर

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं घड्याळाचं दुकान आहे. सुरुवातीला दुकान कसलं, कापडवाल्याच्या पायरीवर ठेवलेली काचेची पेटी. वडील डोळ्याला भिंग लावून तिथं बसायचे. काम बहुतेक एचएमटी कंपनीच्या चावीच्या घड्याळांचंच. लग्नात जावयाला घड्याळ द्यायची रीत होती, आणि ते बंद पडलं की सासरेबुवाच धावतपळत दुरुस्तीला घेऊन यायचे.

१९८७ मध्ये टायटनची घड्याळं आली. वडील म्हणाले, "सेलवरचं घड्याळ म्हणजे खेळणं." त्यांची लाडकी एचएमटीची 'जनता' सेकंदाला पाच ठोके द्यायची आणि दिवसाला अर्धा मिनिट सहज पुढंमागं व्हायची. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तो महिन्यातही तेवढा चुकत नाही. गिऱ्हाइकाला आकड्यांशी काय करायचं होतं? रोज चावी द्यायची कटकट गेली, एवढं त्याला पुरलं. पुढं सेल बदलण्यावरच आमचं घर चाललं, माझं कॉलेजसुद्धा. वडिलांनी शब्द मागं घेतला नाही, फक्त सेलचा डबा हाताशी ठेवायला लागले.

म्हणून स्मार्टवॉच आली तेव्हा मी तोंड आवरलं आणि दर्शनी कपाटच त्यांना दिलं. विक्री झकास. वर्ष-दीड वर्षात तीच माणसं परत, "चार्जिंग टिकत नाही हो." पाठ चिकटवलेली, बॅटरी सुटी मिळत नाही, दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त. कंपनी कुठं आहे हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं, माझं दुकान माहीत असतं.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. पेठ बुडाली. शटर उघडलं तर काउंटरवर बोटभर गाळ. स्मार्टवॉच सरळ पोत्यात भरली. दुरुस्तीला आलेली चावीची अकरा घड्याळं मात्र खोलली, मशीनं पेट्रोलमध्ये धुतली, चाकांच्या दातांतला गाळ ब्रशनं काढला, सुईच्या टोकानं तेल दिलं. सहा चालली. बाकीच्यांची हेअरस्प्रिंग, म्हणजे ठोके देणाऱ्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग, गंजून गेली होती, तिथं इलाज नव्हता.

आता कुणी "कुठलं घेऊ?" म्हटलं की मी आधी विचारतो, रोज चार्जिंगला लावणार कोण? चालायला जाणाऱ्याला, गाडीवर फोन वाजलेला कळत नाही त्याला स्मार्टवॉच देतो. मात्र त्यातला आकडा बघून बीपीची गोळी कमीजास्त करू नका, हेही बजावतो. जावयासाठी असेल तर काट्याचंच काढतो.

परवा एक पोरगा आजोबांची 'जनता' घेऊन आला. ऑइलिंग केलं, जुन्या मशीनमधला बॅलन्स, म्हणजे ठोके देणारं चाक, बसवला, चावी दिली. ठोके सुरू झाले तसं त्यानं ते कानाला लावलं आणि हसला. वेळ लावायला दुकानातलं घड्याळ बघावं म्हणून मी मान वर केली, तर त्यानं डावं मनगट पुढं केलं. त्याच्या स्मार्टवॉचवर बघून वेळ लावली.