उकिडवे बसून केलेले काम

रविवार, रात्री साडेदहा. धायरी, पुणे.

काल रात्री सव्वा वाजता धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तिच्या पहिल्या दोन शब्दांतच काय झाले असेल ते माझ्या ध्यानात आले. भाचा अंथरुणात उठून बसला होता, डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते, तो दिवा लावू देत नव्हता आणि डोळ्यांत कोणीतरी वाळू ओतली आहे असे पुन्हा पुन्हा सांगत होता. बारावीचा निकाल लागल्यापासून तो माझ्या नऱ्ह्याच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये काम शिकायला येतो. दुपारी चारच्या सुमारास एका ग्रिलला टॅक, म्हणजे वेल्डिंगचा छोटा टाका, मारताना त्याने काच डोळ्यांसमोर न धरताच रॉड टेकवला होता, कारण आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी उठणारी विजेची ज्योत, पेटेपर्यंत काळ्या काचेतून काहीच दिसत नाही आणि रॉडचे टोक नेमके जागेवर पडावे असे प्रत्येक नवशिक्याला वाटते. मी ओरडलो, तो हसला, आणि रात्री जेवून झोपेपर्यंत त्याला काहीही झाले नाही. आर्कची ही खोडच आहे. तिच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ पडदा त्याच क्षणी भाजतो. दुखायला मात्र सहा ते बारा तासांनी लागते, आणि तोवर माणूस आपल्याला काही झाले नाही अशा समजुतीत राहून आणखी चार टॅक मारून मोकळा झालेला असतो.

बहिणीला सांगितले की अंधार करा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू देऊ नका आणि सकाळी डॉक्टरांकडे न्या. बटाट्याचे काप ठेवू का, असे तिने विचारले. मी आयटीआयमध्ये असताना आमच्या आईने माझ्या डोळ्यांवर ठेवले होते, ते तिला आठवत असणार. त्या कापांनी गार वाटते, याहून अधिक काही होत नाही. आज सकाळी डॉक्टरांनी थेंब दिले आणि दोन दिवसांत बरे होईल असे सांगितले. डोळा बधिर करणारे थेंब आपल्या मनाने आणून घालू नका, दुखणे कळेनासे होते पण जखम भरायची लांबते, हेही त्यांनी बजावले. आमच्या धंद्यात असे थेंब खिशात घेऊन फिरणारे मी पाहिले आहेत.

दवाखान्यातून परतताना बहिणीने तिचा खरा प्रश्न विचारला. "दादा, तुझ्या शब्दावर मी त्याला आयटीआयला घालायला निघाले आहे. तुझं कमाईचं सगळं सांगून झालं. आता कुठे कुठे दुखतं तेही सांग."

मी तिला तेव्हा चार वाक्यांत काहीतरी सांगितले, पण ते उत्तर नव्हते. म्हणून आज वहीत नीट लिहितो आहे.

आमचे वडील शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवत. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून मराठीला इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागतात, त्यामुळे मराठी कंपोझिटरला एका जागी उभे राहूनही भागत नाही. तो दिवसभर खिळ्यांच्या या पेटीकडून त्या पेटीकडे सरकत असतो. वडील संध्याकाळी घरी आले की भिंतीला पाय वर टेकवून अर्धा तास निजत, आणि त्यांच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा आम्ही मुले बोटांनी दाबून पाहत असू. शुद्धलेखनाचा त्यांचा धाक अजून माझ्या हातात आहे. मुलाने बसून करायचे काम शोधावे एवढी एकच अपेक्षा त्यांनी मला बोलून दाखवली होती. 1993 साली मी औंधच्या आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला प्रवेश घेतला, तेव्हा ते रागावले नाहीत, "यात बसायला मिळतं का?" एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो, आणि ते खोटेही नव्हते. वेल्डर बसूनच काम करतो, फक्त तो उकिडवा बसतो.

माझ्या शरीराचा जो काही हिशेब आहे, त्यातला मोठा वाटा या बसण्याचा आहे. भाजणे, कापणे, डोळ्यांना आर्क लागणे हे धंद्याचे दिसणारे नुकसान झाले, आणि लोक घाबरतात ते यालाच. माझ्या डाव्या मनगटावर ठिणग्यांचे लहान लहान पांढरे डाग आहेत, उजव्या अंगठ्याचे नख वाकडे उगवते. त्यांचा मला काडीचाही त्रास नाही. त्रास आहे तो गुडघ्यांचा, मानेचा आणि कमरेचा, आणि त्यांच्यावर एकही डाग नाही.

बाल्कनीचे एक साधे ग्रिल घ्या. जमिनीवर आडवे टाकायचे, गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावायचा, कर्ण मोजून चौकट काटकोनात आणायची आणि मग सत्तर-ऐंशी टाके मारायचे. ते उलटायचे आणि दुसऱ्या बाजूने तेवढेच. प्रत्येक टाक्याला उकिडवे बसायचे, मान पुढे काढायची, डाव्या हातात काच, उजव्या हातात रॉड पकडणारा होल्डर, श्वास रोखायचा, आर्क, मग चिपिंग हॅमरने खपली उडवायची आणि बसल्याबसल्याच बेडकासारखे वीतभर पुढे सरकायचे. उभे राहून पुन्हा बसण्यापेक्षा सरकणे सोपे वाटते. विसाव्या वर्षी हे मी दिवसाला तीन ग्रिले होईपर्यंत करत असे आणि संध्याकाळी पर्वतीवर चढून जात असे. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एक ग्रिल झाले की भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. जिना चढताना गुडघे दुखत नाहीत, उतरताना दुखतात. मानेच्या मणक्यांत झीज दिसते असे एक्स-रे पाहून सांगितले गेले, आणि पहाटे कधीकधी उजव्या हाताच्या तीन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. तेव्हा हात पलंगाखाली लोंबता ठेवून मी काही वेळ झटकत बसतो.

शिकाऊ उमेदवारीचे वर्ष मी भोसरीच्या एका मोठ्या कारखान्यात काढले. तिथे जॉब, म्हणजे हातातला नग, जमिनीवर कधीच नसे. तो फिक्स्चरवर, म्हणजे नग पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर, कमरेच्या उंचीला येई, फिरवायचा असेल तर हँडल मारून आपल्याकडे वळवता येई, आणि डोक्यावर धूर ओढून घेणारे नळकांडे असे. तेच लोखंड, तोच रॉड, तेच आठ तास. पण साठीला आलेले वेल्डर तिथे ताठ चालताना मी पाहिले आहेत. माझ्या शेजारच्या शेडमधला माझ्याहून चार वर्षांनी लहान माणूस मात्र आज गाडीवर बसताना पाय हाताने उचलून टाकतो. लोखंडाचे काम माणसाला मोडते असे सरसकट म्हटले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. आम्हाला मोडते ती जमीन, आणि त्या जमिनीवर आम्हाला बसवून ठेवतो तो किलोचा दर.

हे दराचे प्रकरण बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. ग्रिल आणि रेलिंगचे काम आम्ही बहुधा वजनावर घेतो. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 162 ने भागायचे, की एका मीटरचे किलो निघतात. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.888 किलो भरते, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पन्नास बाय पन्नास बाय सहा मिलिमीटरचा अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, मीटरला साडेचार किलो, म्हणजे सहा मीटरचा पूर्ण नग 27 किलो. कोटेशन करताना मी लोखंड, कटिंगची चाके, रॉड, वीज, रेड ऑक्साइड, रंग, टेम्पो आणि मजुरी धरतो. लिफ्टमध्ये न मावणारा 27 किलोचा अँगल कोथरूडच्या जुन्या सोसायटीत जिन्याने चौथ्या मजल्यावर खांद्यावरून न्यावा लागतो, तोही त्याच किलोच्या दरात. जॉब टेबलावर घ्यायचा तर उचलायला दुसरा माणूस लागतो, टेबलाला जागा लागते, आणि नऱ्ह्याला शेडच्या प्रत्येक चौरस फुटाला भाडे आहे. समोरचा शेडवाला किलोमागे दोन रुपये कमी सांगून बसलेला असतो. मग जॉब जमिनीवरच राहतो. हा दर मीच लावतो, मीच कमी करतो आणि मीच पुन्हा खाली बसतो, तेव्हा दोष कोणाच्या माथी मारणार?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात लिहितो. कानाने मला कमी ऐकू येते. विशेषतः बायकांचे आणि मुलांचे बारीक आवाज निसटतात, आणि घरात माझ्यावर दुर्लक्षाचा आरोप होतो. कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला आठ तास आणि 100 डेसिबलला दोन तास अशी मर्यादा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये ग्रिलवर चालणारा ग्राइंडर नव्वदीच्या वरच असतो, आणि आम्ही कानात कापूस घालून स्वतःची समजूत घालतो. जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपावर वेल्डिंग केले की संध्याकाळी तोंडाला धातूची चव येते, हुडहुडी भरते, ताप चढतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे ओसरते. रोज करणाऱ्याला त्याची सवय होते आणि सुट्टीनंतर ती मोडते, म्हणून हा ताप सोमवारी हमखास भेटतो. त्यावर गूळ खायची आमच्याकडे पद्धत आहे. गुळाने घसा ओला होतो. धूर जिथे जायचा तिथे गेलेलाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात घातला, हे वाचल्यापासून मी जीआयचा मुलामा आधी घासून काढतो आणि पंखा पाठीमागून न लावता बाजूने लावतो. साधा रुमाल बांधणे सोडून फिल्टरचा मास्क घ्यायला मात्र मला त्यानंतरही दोन वर्षे लागली, ती का लागली याचे उत्तर माझ्याकडे नाही.

कामगार राज्य विम्याचे दवाखाने आहेत, पण त्यासाठी कारखान्यात निदान दहा माणसे लागतात आणि महिन्याचा पगार एकवीस हजारांच्या आत लागतो. आमच्या रांगेतल्या शेडांत तीन-चार माणसे असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आम्ही ग्राइंडरला, होल्डरला, ड्रिलला हळदकुंकू वाहतो आणि झेंडू घालतो. ज्या गुडघ्यांवर बसून ही पूजा करायची ते तेव्हाही कुरकुरत असतात.

एवढे लिहून झाल्यावर मीच मला विचारले की मग भाच्याला नको म्हणावे का. तसे म्हणता येत नाही. त्याचा जो मित्र इंजिनीअर होऊन हिंजवडीत बसणार आहे, त्याचीही मान मोडणारच आहे, हा युक्तिवाद मी करणार नाही. तो आळशी युक्तिवाद आहे, कारण ती मान आणि ही मान सारखी नाही. मी एवढेच म्हणेन की मला हे काम आवडते. आर्क स्थिर धरली की तिचा आवाज कढईत कांदाभजी तळल्यासारखा एकसारखा येतो, वितळलेल्या धातूचे लहानसे तळे काचेतून हिरवे दिसते, आणि त्याच्या मागे खवल्यांसारखी ओळ उठत जाते. ती ओळ सरळ आली की आजही मला कोणालातरी बोलावून दाखवावेसे वाटते. गणपतीच्या हलत्या देखाव्याचा सांगाडा आम्ही दरवर्षी एका मंडळाला करून देतो. वर कापड आणि रंग चढल्यावर आत लोखंड आहे हे कोणाच्या मनातही येत नाही, तरी गर्दीत उभा राहून मी सांधे मोजत असतो.

भाच्याला वेल्डर ट्रेड हवा आहे, कारण तो एका वर्षाचा आहे आणि लवकर पैसे मिळतात. प्रवेशाच्या अर्जात विकल्प भरायला अजून वेळ आहे. मी त्याला फिटर आधी लिहायला सांगणार आहे. ती दोन वर्षे होतात, पण फिटर होऊन वेल्डिंग शिकता येते, आणि फिटरला बाकापाशी उभे राहून काम करायची सवय लागते. शिवाय पहिली पाच वर्षे मोठ्या कारखान्यात काढल्याशिवाय माझ्या शेडमध्ये यायचे नाही ही अट आहे. बहिणीला ती कडक वाटेल. मी ती सोडणार नाही.

संध्याकाळी मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा तो खोलीत काळा चष्मा लावून बसला होता आणि थोडा शरमला होता. मी टेप घेऊन गेलो होतो. आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात आम्हाला व्हाइसची, म्हणजे बाकावरच्या शिकंज्याची, उंची तपासायला शिकवले होते : ताठ उभे राहायचे, मूठ हनुवटीखाली धरायची, आणि कोपर व्हाइसच्या जबड्याला जेमतेम टेकले पाहिजे. हे मला 1993 पासून माहीत आहे. शेड काढली 2003 साली, आणि तिच्यात टेबल अजून नाही.

"मामा, हे कशाला?" त्याने विचारले. मी त्याला मूठ हनुवटीखाली धरायला सांगितली. त्याचे कोपर त्रेचाळीस इंचांवर आले, माझे चाळीस. जॉबची जाडी सोडून टेबलाची मधली उंची छत्तीस धरली आणि पायांना चार इंच वर घेता येतील असे बोल्ट. चार बाय तीन फुटांचा, 10 मिलिमीटर जाडीचा पत्रा 87 किलो, चौकटीला आणि पायांना पन्नासचे दोन पूर्ण अँगल, म्हणजे 54. पावसाळ्याच्या आत पत्रा आणला पाहिजे, आणि तो उतरवायला टेम्पोवाल्याबरोबर दोन माणसे सांगितली पाहिजेत.