तुम्ही विचारलंत म्हणून: फाईल नेमकी कुठे अडलीय?

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी जोडपी भारतातून मूल दत्तक घ्यायला निघतात, तेव्हा आम्हाला हमखास विचारतात: "सगळे कागद दिले, घराची तपासणी झाली, फी भरली. मग वेळ कशात जातोय? आणि धीर धरा म्हणता, तर तोवर आम्ही करायचं तरी काय?"

या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा लोकांचा अनुभव सांगतो की कागद आज कुणाच्या टेबलावर आहे, तिथे त्याला नियमाने किती दिवस दिलेत आणि आपल्याकडच्या कुठल्या कागदाची मुदत आधी संपतेय, एवढं ठाऊक असलेली जोडपी टिकतात. ज्यांना यातलं काहीच माहीत नसतं, ती रोज ईमेल उघडून बघतात आणि खचतात.

सगळ्यात आधी एक खात्री करा. दोघांपैकी किमान एक जण अमेरिकेचा नागरिक आहे ना? नेहमीच्या रस्त्याचा अमेरिकन इमिग्रेशनकडे करायचा पहिला अर्ज म्हणजे आय-८००ए, आणि तो नागरिकालाच करता येतो. दोघेही भारतीय पासपोर्टवर, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, तर भारतात दत्तक आदेश मिळूनही मुलाला अमेरिकेत नेताना अडकायला होतं. अशांनी नोंदणीआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं. नात्यातलं मूल घेणाऱ्यांनीही घाईने दत्तकपत्र करून ठेवू नये. नुसत्या दत्तकपत्रावर व्हिसा मिळत नाही.

आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार १९९३ चा. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला, अमेरिकेत तो २००८ पासून लागू झाला. तेव्हापासून दोन सरकारांच्या मंजुऱ्या एकमेकींत अडकवलेल्या आहेत: एकीची सही झाल्याशिवाय दुसरीचा कागद हलत नाही. म्हणून 'कारा'कडे, म्हणजे दिल्लीच्या केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे, फोन करून दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. फाईल तेव्हा तिथे नसतेच.

आपल्या हातातला उशीर सगळ्यात जास्त होतो तो नावांपायी. समजा, लग्नाच्या दाखल्यावर 'स्नेहल दत्तात्रय कुलकर्णी', जुन्या पासपोर्टवर 'स्नेहल अमोल जोशी' आणि अमेरिकेच्या नागरिकत्व प्रमाणपत्रावर नुसतंच 'स्नेहल जोशी'. आपल्याला यात काहीच खटकत नाही. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि अमेरिकन फॉर्मने खाल्लेलं मधलं नाव, इतकंच ते. फाईल तपासणाऱ्याला मात्र तीन बाया दिसतात. जुन्या नगरपालिकांच्या जन्मदाखल्यांवर तर कित्येकदा नावच नसतं, नुसतं 'मुलगी' एवढं लिहिलेलं. तेव्हा होम स्टडी, म्हणजे घराची तपासणी, सुरू होण्याआधीच सगळे दाखले टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नावाचं प्रत्येक रूप, प्रत्येक स्पेलिंग एकाच प्रतिज्ञापत्रात घ्या. ते नोटरी करताना नोटरीच्या शिक्क्यावरची मुदत वाचा. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, त्याच राज्याच्या संबंधित कार्यालयातून होतं जिथे नोटरी झालं; न्यू जर्सीत नोटरी करून टेक्ससला पाठवलेला कागद परत येतो. महाराष्ट्रातल्या दाखल्यांचं अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं, त्याआधी राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण लागतं. त्यासाठी इकडच्या एखाद्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन ठेवा.

आता मुदती. अमेरिकन इमिग्रेशनकडे देताना होम स्टडी सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. आय-८००एची मंजुरी १५ महिन्यांची, बोटांच्या ठशांनाही तेवढीच मुदत. भारतात तोच होम स्टडी अहवाल तीन वर्षं ग्राह्य असतो आणि त्या भरवशावर लोक अमेरिकेची मुदत विसरतात. मुदतवाढीचा अर्ज मंजुरी संपण्याआधीच्या ९० दिवसांत करायचा असतो. तारीख फ्रिजवर चिकटवा. मध्येच घर बदललं, नोकरी गेली किंवा सासूबाई-सासरे ग्रीन कार्डवर कायमचे राहायला आले, तर होम स्टडी सुधारून घ्यावी लागते. घरातल्या प्रत्येक प्रौढाची तपासणी होते, आजी-आजोबांचीसुद्धा. ते यायचे असतील तर आधीच सांगून ठेवा.

कागद पूर्ण झाले की तुमची अमेरिकेतली दत्तक संस्था तुमची नोंद काराच्या 'केअरिंग्ज' पोर्टलवर करते आणि मग खरी वाट बघणं सुरू होतं. इथे कुणाच्या ओळखीने काही होत नाही, आणि ते व्हायलाही नको. आईने स्वतः सोपवलेल्या बाळासाठी तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. सापडलेल्या मुलाच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत बालकल्याण समिती निर्णय देते. ते दत्तकासाठी मोकळं झालं की ६० दिवस भारतातल्या आणि अनिवासी भारतीय पालकांसाठी प्रयत्न होतात, मग ते परदेशासाठी खुलं होतं. विशेष गरजा असलेली मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना यात प्राधान्य असतं. हे महिने आम्हाला कधीच वाया गेलेले वाटले नाहीत. पैसे घेऊन मुलं बाहेर पाठवली जाऊ नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले, त्यांतूनच ही व्यवस्था उभी राहिली. मन बदललेल्या आईला तिचं बाळ परत मिळावं यासाठी तुम्ही दोन महिने थांबताय.

रेफरल, म्हणजे एखाद्या मुलाची माहिती, आलं की उलट होतं, वेळ पुरत नाही. ९६ तासांत मूल राखून ठेवायचं आणि त्या दिवसापासून ३० दिवसांत वैद्यकीय व बाल-अभ्यास (मुलाच्या पार्श्वभूमीच्या) अहवालांवर सही करून स्वीकार कळवायचा. अहवाल वाचणारा बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. जन्माच्या वेळचं वजन, डोक्याच्या घेराची वेगवेगळ्या तारखांची मापं आणि लसीकरणाचं कार्ड मागा. एकाच मापावरून काही कळत नाही. वाढीचा वेग कळला पाहिजे.

स्वीकारानंतर त्या मुलासाठीचा आय-८०० अर्ज, त्याची तात्पुरती मंजुरी, दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५ चं पत्र, मग काराचं ना-हरकत प्रमाणपत्र. पत्र आणि स्वीकार पोचल्यावर नियमाने १० दिवसांत ते मिळायला हवं. त्याआधी भारतात दत्तक आदेश घेऊ नका, पुढचा व्हिसा धोक्यात येतो. सप्टेंबर २०२२ पासून आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात, दोन महिन्यांच्या आत. महाराष्ट्रात या बदलावरून गोंधळ झाला होता. प्रलंबित प्रकरणं न्यायालयांनीच चालवावीत असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. आजही निवडणूक लागली किंवा साहेबांची बदली झाली की तारीख पुढे जाते. इथे आठवड्यातून एकदा, दत्तक संस्थेमार्फत आणि लेखी विचारणा करावी. थेट कार्यालयात ओळखीच्या माणसाला पाठवू नका. संशय वाढतो आणि काम मागे पडतं.

आदेशाचा मसुदा मिळाला तर मुलाचं नाव अक्षर अक्षर तपासा. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, हे आजच ठरवा, कारण आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट आणि कलम २३ चं (दत्तक हेग कराराप्रमाणे झाल्याचं) प्रमाणपत्र, चारही त्याच नावाने निघतात. ना-हरकत मिळाल्यावर मुलाला आदेशापूर्वीच संगोपनासाठी आपल्याजवळ ठेवता येतं, पण भारतातच. रजा मिळत असेल तर हे जरूर करा.

मधल्या काळात मूल जिथे राहतं त्या बालसंस्थेतल्या मावशींना विचारण्याचे प्रश्न लिहून ठेवा. झोपताना दिवा लागतो का? दूध किती कोमट? वरणभात कालवून की सुटा? कुणाच्या कडेवर रडू थांबतं? तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला परवानगी मिळते का, तेही विचारा. मूल तीन-चार वर्षांचं, नांदेड किंवा सोलापूरकडचं असेल, तर ते मराठीत बोलत, भांडत येणार आहे. घरात इंग्रजीची सवय झाली असेल तर आत्ताच मराठीकडे वळा. त्याला पहिल्या रात्री 'शू लागली' एवढं सांगता आलं आणि तुम्हाला ते कळलं, तर त्याची भीती बरीच कमी होते.

घरी पोचल्यावरही कागद राहतात. मूल कसं रुळतंय याचे दोन वर्षांत सहा अहवाल द्यायचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आयएच-३ व्हिसावर (भारतातच दत्तक पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या) आलेलं मूल अमेरिकेत प्रवेश करताच नागरिक होतं आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने येतं. त्यावरचं स्पेलिंग तपासा, मग त्याचा भारतीय पासपोर्ट वाणिज्य दूतावासात जमा करून ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्डाचा) अर्ज करा. बाल-अभ्यास अहवाल मात्र कुठेही जमा करू नका. तो मुलाचा आहे, मोठं झाल्यावर ते मागेल.