ताप उतरला, पण मूल शुद्धीवर आहे का?

महाराष्ट्रात फ्लूचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यातला आणि दुसरा थंडी सरतानाचा, आणि या दिवसांत लहान मूल असलेल्या घरातल्या सगळ्यांचे लक्ष थर्मामीटरच्या आकड्यावर खिळलेले असते. फ्लू झालेल्या मुलाच्या बाबतीत तापाच्या आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याची शुद्ध पाहायला हवी, हे मला इथे आग्रहाने सांगायचे आहे. मी डॉक्टर नाही. परंतु घरातल्या एका आजारपणानंतर या विषयावर मिळेल ते वाचत आले आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांना प्रश्न विचारत आले.

ते आजारपण माझ्या चार वर्षांच्या पुतण्याचे. औषधाने त्याचा ताप उतरला होता, अंग घामाने भिजले होते, पण तो आईकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसा पाहत होता, आणि पलंगाखाली नसलेल्या मांजराला हातवारे करून हाकलत होता. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, तापात वात होतो, झोपू द्या त्याला. वहिनीने ऐकले नाही आणि त्याला तसाच उचलून रुग्णालयात नेले. सुदैवाने तो तापातला भ्रम होता आणि पूर्ण ओसरला. पण घरी बसून भ्रम कोणता आणि मेंदूला आलेली सूज कोणती, हे आईबापांनाच काय, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणूनच तिचा निर्णय योग्य होता.

श्वसनमार्गाच्या विषाणूमुळे मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत सर्वाधिक आढळते ती तापातली आकडी. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभरातील दोन ते पाच मुलांना ती केव्हातरी येते, बहुधा काही मिनिटांत थांबते आणि मागे काही ठेवत नाही. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, तोंडात पाणी ओतणे हे प्रकार अजूनही घडतात आणि त्यांनीच इजा होते. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि आकडी पाच मिनिटांहून लांबली किंवा थांबल्यावरही मूल भानावर येत नसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

खरी धास्ती आहे ती इन्फ्लुएन्झा एन्सेफॅलोपॅथीची, म्हणजे फ्लूमुळे मेंदूला होणाऱ्या बाधेची. हा आजार विरळा आहे, हे आधी सांगितले पाहिजे. जपानने त्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत तिथे असे १४८ रुग्ण नोंदवले गेले, त्यांतील दर पाचांत चार जण पाच वर्षांच्या आतले होते, आणि जवळजवळ एकतृतीयांश रुग्ण दगावले. यातला सर्वांत भीषण प्रकार जपानी डॉक्टर मिझुगुची आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वेगळा ओळखून मांडला. त्यात मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस हा भाग दोन्ही बाजूंना सारखाच सुजतो आणि त्यातल्या पेशी मरू लागतात. एमआरआयमध्ये हे चित्र स्पष्ट उमटते. विशेष म्हणजे पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात विषाणू बहुतेक वेळा सापडतच नाही. नुकसान करतो तो विषाणूविरुद्ध पेटून उठलेल्या प्रतिकारशक्तीचा अतिरेक, ज्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि मेंदूत पाणी साठते. काही कुटुंबांत आरएएनबीपी२ या जनुकातील बदलामुळे हा धोका पुढच्या पिढीकडे जातो. हे सारे ताप सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांतच घडू शकते, आणि लवकर सुरू केलेल्या स्टिरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून उद्या सकाळपर्यंत पाहू, ही आपली सवय इथे घातक ठरते.

तापाच्या औषधांबद्दलही सावध राहायला हवे. फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना ॲस्पिरिन दिल्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. १९८० मध्ये अमेरिकेत त्याच्या ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. ॲस्पिरिनबद्दल इशारे दिले गेल्यावर, १९८७ पासून, वर्षाला ३६ हून अधिक रुग्ण आढळले नाहीत. जपानमध्ये पुढे असेही दिसले, की फ्लूमुळे मेंदूला बाधा झालेल्या ज्या मुलांना डायक्लोफेनॅक किंवा मेफेनॅमिक ॲसिड दिले गेले होते, त्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते, आणि मुलांच्या फ्लूमध्ये ही औषधे टाळण्याचे धोरण तिथे स्वीकारले गेले. आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि मेफेनॅमिक ॲसिड एकत्र असलेले सिरप कितीतरी घरांच्या फ्रिजमध्ये मागच्या आजारपणातले उरलेले असते, आणि ताप चढला की तेच दिले जाते. बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा वाचावीत. साधे पॅरासिटामॉल, वजनानुसार डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, एवढे बहुतेक वेळा पुरते.

२०२५ मध्ये अमेरिकेतील २३ रुग्णालयांनी मिळून थॅलॅमस सुजण्याच्या त्याच प्रकाराच्या ४१ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील ११ मुले वाचली नाहीत. चारांपैकी तीन मुलांना आधी कोणताही मोठा आजार नव्हता, म्हणजे ती आपल्या घरातल्या मुलांसारखी खेळती-बागडती होती. ज्या ३८ मुलांच्या लसीकरणाची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी केवळ सहा जणांनी त्या हंगामाची फ्लूची लस घेतलेली होती. एवढ्या लहान संख्येवरून लस हमखास वाचवते असे म्हणता येत नाही, पण फ्लूच टळला तर पुढचे टळते, हे उघड आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलांना ही लस दरवर्षी द्यावी असे सांगते. सरकारी लसीकरणात ती नाही, त्यामुळे ती स्वतःहून मागावी लागते. पहिल्या वर्षी एक महिन्याच्या अंतराने दोन डोस असतात, आणि पावसाळ्यापूर्वी संरक्षण तयार व्हायचे तर एप्रिल-मे महिन्यांतच विचारणा करायला हवी.