तीन व्हॉल्व्हचं वजन

चार्जिंगच्या फवारणी पंपात बॅटरीच्या खालोखाल तक्रार येते ती आतल्या मोटर-पंपाची. पाठीवरच्या टाकीच्या तळाशी बसणारा हा मूठभर १२ व्होल्टचा डायफ्राम पंप. जालन्यात आमचा धंदा त्याचाच. चीनमधून सुटा पंप मागवायचा, तपासायचा आणि भोकरदन, अंबड, परतूर, सिल्लोड, गेवराईच्या दुकानदारांना द्यायचा. तिथला मिस्त्री तो जुन्या टाकीत बसवतो. कपाशी-सोयाबीनची फवारणी जुलैत जोर धरते. तोवर माल दुकानात पोचला नाही, तर वर्षभर गोदामात पडून.

ही हकिगत एका एप्रिल-अखेरची, माल निघण्याआधीच्या व्हिडिओ तपासणीची. ऑर्डर २००० पंपांची. कारखाना चेजियांग प्रांतातल्या थायचौ शहराच्या लूचियाव भागातला. फवारणी पंप बनवणारे तिथे एकमेकांना खेटून आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण प्रत्यक्षात फक्त जुळणी करतात. मोटर एकाकडून येते, प्रेशर स्विच दुसऱ्याकडून, रबरी भाग तिसऱ्याकडून. कारखान्यात स्क्रू आवळायचे, पाण्यावर चालवून बघायचं आणि खोक्यात भरायचं. सॅम्पल उत्तम निघालं तरी लॉट तसाच निघेल याची खात्री नसते, ती यामुळे. सॅम्पल आणि लॉटच्या मध्ये वसंतोत्सवाची म्हणजे चिनी नववर्षाची सुट्टी आली असेल तर जास्तच सावध राहावं. सुट्टीवरून कामगार परततीलच असं नाही, आणि खरेदीवाला माणूसही बदललेला असू शकतो.

प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे पीआय, आम्ही सविस्तर करून घेतला होता. मोकळ्या तोंडाला मिनिटाला ४ लिटर पाणी, कट-ऑफ (ज्या दाबाला स्विच मोटर बंद करतो तो) ०.६५ ते ०.७ मेगापास्कल म्हणजे साधारण ९४ ते १०१ पीएसआय, करंट ३ अँपिअरच्या आत, डायफ्राम म्हणजे आतला लवचिक पडदा सँटोप्रीनचा आणि व्हॉल्व्ह व्हायटॉन या रबराचे. ३० टक्के आगाऊ, ७० टक्के तपासणीनंतर, एफओबी निंगबो, म्हणजे निंगबो बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्यांचा, पुढचं भाडं आमचं. शिवाय मंजूर सॅम्पलचे दोन नग पिशवीत घालून, वर सही आणि कंपनीचा लाल शिक्का मारून सीलबंद केलेले. एक नग जालन्यात, एक कारखान्यात. या दुसऱ्या नगाचं मोल पुढे कळेल.

व्हॉल्व्हसाठी व्हायटॉनच का, हे आधी सांगायला हवं. पंपाच्या डोक्याचे पाच स्क्रू काढले की आत व्हॉल्व्हची चकती दिसते. तिच्यावर आत घेणारे तीन छोटे छत्रीसारखे व्हॉल्व्ह आणि मधोमध बाहेर सोडणारा एक. 'ईसी' प्रकारच्या औषधात तेलासारखं सॉल्व्हंट असतं. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते हेच औषध. कपाशीवरचं प्रोफेनोफॉस, सोयाबीनमधलं क्विझालोफॉप असं बरंच काही ईसीमध्ये मिळतं. ईपीडीएम हे रबर पाण्याला आणि उन्हाला चांगलं, पण असल्या सॉल्व्हंटमध्ये फुगतं. टाकीत औषध पातळ असलं तरी फवारणीनंतर पंप स्वच्छ पाण्याने धुतला नाही, की तेलकट अंश रात्रभर रबरावर बसून राहतो. दोन-चार फवारण्यांत छत्रीची कड वर वळते आणि व्हॉल्व्ह बैठकीवर नीट टेकत नाही. मग दाब तयार होत नाही, दाब नाही म्हणून स्विच कट होत नाही, ट्रिगर सोडला तरी मोटर फिरतच राहते. मोटर तापते, ब्रश झिजतात, बॅटरी दुपारीच उतरते. दुकानदाराचा फोन येतो, "शेठ, पंप फिरतोय पण प्रेशरच धरंना." मिस्त्री मोटर बदलतो, दुखणं मात्र काही पैशांच्या रबरात असतं. व्हायटॉनला हे सॉल्व्हंट फारसं बाधत नाही. तो ईपीडीएमच्या कित्येक पट महाग, म्हणून तिथेच हात मारला जातो.

कारखान्यातली चाचणी पाण्यावर होते, आणि पाण्यावर ईपीडीएमचा व्हॉल्व्ह पहिल्या नंबराने पास होतो. रंगावर जाऊ नये. काळं ईपीडीएम आणि काळं व्हायटॉन शेजारी ठेवलं तर कॅमेऱ्यात सोडा, हातात घेऊनही सांगता येत नाही. पेटवून ओळखतात असं कोणी सांगेल, ते करू नका. जळत्या व्हायटॉनचा धूर विषारी असतो. फरक आहे तो घनतेत. व्हायटॉनची घनता १.८ ते १.९ च्या आसपास, ईपीडीएमची १.१ ते १.२. एकाच मापाचे व्हॉल्व्ह काट्यावर ठेवले की व्हायटॉन दीडपटीहून जास्त भरतो. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा कारखान्याला आम्ही आधीच तयार ठेवायला सांगितला होता.

चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिकडची जेवणाची सुट्टी संपते तेव्हा इकडे अकरा वाजत आलेले असतात. कॉल त्याच वेळी लावावा, म्हणजे त्यांची पाळी सुटेपर्यंत चार तास हातात राहतात. २०२० च्या जूनपासून भारतात वीचॅटवर बंदी आहे, आणि चीनमध्ये व्हॉट्सॲप व्हीपीएनशिवाय चालत नाही. म्हणून बोलणं त्यांच्या व्हीपीएनच्या भरवशावर व्हॉट्सॲपवर आणि ठरलेलं सगळं ईमेलवर, ही आमची रीत. व्हिडिओ मधेच अडकतो, त्यामुळे महत्त्वाचं प्रत्येक माप त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यावर वेगळं रेकॉर्ड करून फाइल पाठवायची, हेही आधीच ठरलेलं.

२००० च्या लॉटला आयएसओ २८५९ या नमुना-तपासणीच्या मानकातल्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे १२५ नग तपासायचे असतात. एक्यूएल, म्हणजे चालवून घेण्याजोग्या दोषांची पातळी, २.५ धरली तर ७ दोषींपर्यंत पास, ८ ला नापास. १२५ नग व्हिडिओवर बघणं होत नाही. त्यांनी तक्ता भरून पाठवला आणि आम्ही २० नग समोर चालवून घेतले. ५० खोकी, प्रत्येकी ४० नग. खोकी आम्ही सांगू तीच उघडायची, तीही मागच्या रांगेतली आणि मधल्या थरातली. पुढची वरची खोकी पाहुण्यांसाठी रचलेली असतात. पाणी, दाब, करंट सगळं ठीक आलं. एका नगाचा कट-ऑफ ०.६२ ला, एवढंच.

मग पाच वेगवेगळ्या खोक्यांतला एकेक पंप खोलायला सांगितला. विक्री बघणाऱ्या मॅडम जरा कुरकुरल्या, खोललेला नग नवा म्हणून विकता येत नाही म्हणाल्या. ते पाच नग आमच्या हिशेबात धरा, असं लिहून दिल्यावर लाइन-प्रमुखाने स्क्रू काढले. एका पंपातले तीन छत्री व्हॉल्व्ह एकत्र काट्यावर ठेवले: ०.९७ ग्रॅम. दुसऱ्याचे ०.९६. पाचही पंप याच घरात. जालन्यातल्या सॅम्पलचे तीन आमच्या काट्यावर १.५३ ग्रॅम.

अशा वेळी पहिलं उत्तर ठरलेलं असतं: काट्याकाट्यात फरक असतो. म्हणून त्यांच्याकडचा सीलबंद नग मागवला, सील कॅमेऱ्यासमोर तोडलं, त्यातले तीन व्हॉल्व्ह त्याच काट्यावर ठेवले. १.५३. पलीकडे कोणी काही बोललं नाही. मग मॅडम म्हणाल्या, मालकांना विचारून सांगते.

इथे एक बारकावा आहे. वजन जुळलं म्हणून माल व्हायटॉनच असतो असं नाही. स्वस्त रबरात बराइटसारखी जड पूड घालून वजन वाढवता येतं. कमी भरलं, तर मात्र तो व्हायटॉन नक्की नाही. पक्की परीक्षा भिजवण्याची. झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्यांत थोडं पेट्रोल, एकीत सॅम्पलचा व्हॉल्व्ह, दुसरीत लॉटचा. बाटल्या कारखान्याबाहेर मोकळ्या हवेत. तासाभराने व्हर्नियरने मापले: सॅम्पलचा १२.० चा १२.१ मिलिमीटर, लॉटचा १२.० चा १३.६ आणि कड वाकडी. हा फोटो मापाच्या पट्टीसकट ईमेलला जोडला. यानंतर वाद उरला नाही.

मालक स्वतः फोनवर आले. खुलासा असा की रबरी भाग देणारा जुना माणूस नववर्षानंतर वेळेवर माल देईना, म्हणून खरेदी खात्याने दुसऱ्याकडून 'तसेच' व्हॉल्व्ह घेतले. ते खरं असेलही. आमच्या अनुभवात निम्म्या वेळा फसवणूक नसतेच. कागदावरची अट खरेदीच्या टेबलापर्यंत पोचलेली नसते. आवाज चढवून उपयोग शून्य. चारचौघांत, त्यातून कामगारांसमोर, मालकाला खोटं पाडलं की तो हट्टाला पेटतो. कॉल बंद करून, तीन पर्याय क्रमांक घालून लिहून पाठवले. एक, सगळ्या २००० पंपांत व्हायटॉन घालून फेरतपासणी. दोन, माल आहे तसा, पण व्हायटॉनचे २००० संच सोबत आणि बदलण्याची मजुरी बिलातून वजा. तीन, ऑर्डर रद्द आणि आगाऊ रक्कम परत. खाली एकच ओळ: उत्तर येईपर्यंत ७० टक्के थांबले आहेत.

त्यांना दुसरा पर्याय हवा होता, कारण १ मेपासून त्यांची पाच दिवसांची कामगार दिनाची सुट्टी आणि जहाज त्याआधीचं. आम्ही हिशेब केला. एक पंप खोलून, व्हॉल्व्ह बदलून, बंद करून पाण्यावर बघायला चार मिनिटं धरली, तर २००० ला १३३ तास. सहा माणसांचे अडीच दिवस, त्यात अवघड काही नाही. अडचण स्क्रूची. हे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये आटे पाडत जातात. दुसऱ्यांदा लावताना जुना आटा धरून हाताने सुरुवात केली नाही, की आटा मरतो आणि डोकं गळायला लागतं. कारखान्यात टॉर्क लावलेले इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर असतात, डोकं फुटलं तर नवं डोकं हाताशी असतं. जालन्यात फुटलेलं डोकं म्हणजे गेलेला पंप. म्हणून पहिल्याच पर्यायावर अडून राहिलो. जहाज सुटलं तर सुटू दे. पेरणीनंतर लगेच तणनाशक मारणाऱ्यांची थोडी विक्री हुकेल, जुलैची मुख्य विक्री हातची जात नाही. अर्धा माल आधी, अर्धा नंतर, असंही मधे सुचवलं गेलं. सुट्या मालाच्या म्हणजे एलसीएल शिपमेंटला डीओ (माल सोडवून घेण्याचा कागद), सीएफएस (बंदराजवळचं कंटेनर गोदाम), कस्टम एजंट हे खर्च प्रत्येक खेपेला नव्याने लागतात, तेव्हा दोन खेपा परवडत नाहीत.

एलसीएलवरून आठवलं. याच बोलण्यात सवलत म्हणून त्यांनी 'सीआयएफ न्हावा शेवा, भाडं आमच्याकडे' असं पुढे केलं. दोन-अडीच घनमीटरच्या मालाला फुकट भाडं हा गोड सापळा आहे. तिकडच्या फॉरवर्डरने, म्हणजे जहाजाने माल पाठवून देणाऱ्या एजंटने, सोडलेलं भाडं त्याचा इकडचा एजंट डेस्टिनेशन चार्जेसच्या नावाने वसूल करतो, आणि डीओ त्याच्या हातात असल्यामुळे घासाघीस करता येत नाही. एफओबी ठेवावं, फॉरवर्डर आपला असावा आणि इकडचे सगळे दर आधी लेखी घ्यावेत.

संध्याकाळी दुरुस्त पीआय आला. त्यात नव्या तीन अटी: तीन छत्री व्हॉल्व्हचं वजन १.४५ ग्रॅमपेक्षा कमी नको. पेट्रोलमध्ये एका तासानंतर व्यास १२.३ च्या आत. ३ टक्के व्हॉल्व्ह संच सुटे, विनामूल्य. खालचा बँक खात्याचा तपशील जुन्या पीआयशी अंकाअंकाने जुळवला, आणि मॅडमना कॉल करून खाते क्रमांकाचे शेवटचे अंक त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. असा घोळ चालू असतानाच ईमेल हॅक करणारे 'खातं बदललं आहे' असा पीआय मधे सरकवतात, कारण दुरुस्त कागद येणार हे घेणाऱ्याला अपेक्षितच असतं. खातं कंपनीच्या नावाऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल, तर तिथेच थांबावं.

फेरतपासणी सुट्टीनंतर झाली. दहा खोक्यांतले दहा पंप खोलले, वजनं १.५० ते १.५४. पेट्रोलची बाटली पुन्हा लावली. मग ७० टक्के सोडले, स्विफ्टची (बँकेतून पैसे गेल्याच्या कागदाची) प्रत पाठवली आणि माल निंगबोला गेला. आगाऊ पैसे गेलेले असतील तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे माल आल्याचा कस्टमचा कागद, बँकेच्या आयडीपीएमएस या आयात-नोंदीच्या प्रणालीत जुळवून घ्यायची असते. ती राहिली की पुढच्या ऑर्डरचं पेमेंट बँक अडवते, म्हणून क्लिअरन्सच्याच आठवड्यात ते काम उरकलं.

न्हावा शेवाहून समृद्धीवरून माल जालन्यात उतरला तेव्हा मृगाच्या पेरण्या सुरू होत होत्या. ३ खोकी दबलेली होती, पंप शाबूत. काही पंपांचा कट-ऑफ ०.६ च्या खाली भरला, बहुधा पुन्हा खोलताना स्विचला हात लागला असावा. स्विचच्या टोपीवरचा छोटा स्क्रू थोडा आत फिरवून, गेज लावून तो इथेच ०.६७ ला आणला. वर लाखेचा थेंब टाकला, म्हणजे कंपनाने स्क्रू सैल होत नाही.