ठसे शाबूत, चित्रं गायब

युरोपियाना, म्हणजे युरोपभरच्या संग्रहालयांच्या आणि ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र दाखवणारं संकेतस्थळ, त्यावर एखादी जुनी वस्तू शोधली की समोर एक छोटं चित्र येतं आणि त्याखाली थोडा मजकूर. बहुतेक वेळा त्यांच्याकडे असतं ते एवढंच. मोठं करून बघता येणारं मूळ चित्र ज्या त्या संग्रहालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर असतं, युरोपियाना फक्त तिथला रस्ता दाखवतं. हे मी वर्षानुवर्षं प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. तरीही त्या सोमवारी एका नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागातले गृहस्थ मला फोनवर अगदी शांतपणे म्हणाले, "काळजी कसली? आमचं सगळं युरोपियानावर आहेच की."

नव्हतं. तेच सांगायला मी फोन केला होता.

मी जर्मनीत, एका राज्याच्या संग्रहालय-साहाय्य कार्यालयात काम करते. गावोगावच्या छोट्या संग्रहालयांकडून त्यांच्या वस्तूंच्या नोंदी घ्यायच्या, त्या लिडो नावाच्या साच्यात, म्हणजे संग्रहालयांच्या नोंदींसाठी ठरवलेल्या फाइलच्या मांडणीत, बसवायच्या आणि डॉइच डिजिटाल बिब्लिओथेक या राष्ट्रीय संकलकाकडे पाठवायच्या. तिथे त्यांचं युरोपियानाच्या ईडीएम साच्यात रूपांतर होतं आणि 'जर्मनीचं योगदान' म्हणून त्या पुढे जातात. बाहेरच्या माणसाला वाटतं की हे काम स्कॅनरचं आहे. माझा बहुतेक वेळ रकान्यांत जातो. कुणी 'साल' या रकान्यात 'आजोबांच्या काळात' असं लिहिलेलं असतं, तर कुणी 'हक्क' हा रकाना कोरा ठेवलेला असतो.

सोमवारी सकाळी दुवे तपासणारा अहवाल येतो. नेहमी त्यात इकडची तिकडची मेलेली पानं असतात, दहा मिनिटांत निपटतात. त्या दिवशी एका संग्रहालयाच्या दीड-एक हजार नोंदी एका ओळीत लाल होत्या. त्यांतली एकही उघडत नव्हती.

हे संग्रहालय निळ्या छपाईचं, म्हणजे ब्लाउड्रुकचं. लाकडी ठशाने कापडावर माती, डिंक आणि मोरचूद यांचा लेप उठवायचा, तो वाळला की कापड निळीच्या हौदात पुन्हा पुन्हा बुडवायचं. बाहेर काढल्यावर कापड आधी पिवळट-हिरवं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. शेवटी लेप धुऊन काढला की नक्षी पांढरी उमटते. २०१८ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या पाच देशांची ही कला युनेस्कोच्या यादीत एकत्र नोंदली गेली. निळीचं आणि ठशांचं हे वेड युरोपला लागलं ते सतराव्या-अठराव्या शतकात, व्यापारी कंपन्यांनी आणलेल्या भारतीय कापडांमुळे. त्यामुळे हा संग्रह माझ्याकडे आला तेव्हा मी तो दुसऱ्या कुणाला दिला नाही.

आणि तो संग्रह साधा नव्हता. गावातल्या शेवटच्या छपाईघराच्या सूनबाई, आता ऐंशी ओलांडलेल्या, एकेक ठसा हातात घेऊन त्याची नोंद करत आल्या होत्या. पगार नाही, पद नाही. मोठ्या संग्रहालयांच्या नोंदींत मला 'लाकडी ठसा, फुलांची नक्षी, १९वं शतक' याच्या पलीकडे क्वचितच काही सापडतं. या बाईंची नोंद अशी: नाशपातीचं लाकूड, बारीक ठिपक्यांसाठी पितळी तारा ठोकलेल्या, त्यांतल्या खालच्या ओळीतल्या तीन पडलेल्या; डाव्या वरच्या कोपऱ्यातली जुळणीची खुंटी वाकलेली, म्हणून या ठशाने छापलेल्या कापडावर प्रत्येक जोडाशी एक पाकळी किंचित उजवीकडे सरकते; बाह्यरेषेचा हा ठसा अमुक क्रमांकाच्या भरणीच्या ठशाबरोबरच वापरायचा.

ती सरकलेली पाकळी म्हणजे ओळखपत्र आहे. ज्या कापडावर ती दिसेल ते कापड याच ठशाने, याच गावात छापलेलं. युरोपच्या सामायिक मंचाचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं तर मी आकडे सांगत नाही, ही पाकळी सांगते. स्लोव्हाकियातल्या एका संशोधक बाईंनी त्यांच्याकडच्या एका ॲप्रनवर ती ओळखली होती. ठसा एका देशात, कापड दुसऱ्या देशात, आणि दोघांची गाठ पडली ती या नोंदीमुळे.

तर, दुवे का मेले? पालिकेने संग्रहालयाचं जुनं संकेतस्थळ बंद करून त्याची चार पानं पर्यटन विभागाच्या नव्या चकचकीत संकेतस्थळात घातली होती. उघडण्याच्या वेळा, तिकीट, गाडी कुठे लावायची. वस्तूंचा संग्रह 'फारसा पाहिला जात नाही' म्हणून हलवलाच नाही. जुना सर्व्हर भाड्याचा होता, करार संपला आणि कंपनीने तो पुसला. करारात तसंच लिहिलं होतं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता आणि कुणी एका शब्दाने आम्हाला कळवलंही नव्हतं.

या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. डिजिटायझेशनला पैसा मिळतो. फोटो काढायला, कॅमेरा घ्यायला, उद्घाटनाला मिळतो. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो, तो संपला की सर्व्हरचं भाडं कुणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही. नोंदींना कायमस्वरूपी ओळखक्रमांक द्या, पत्त्यात तुमच्या संगणकप्रणालीचं नाव घालू नका, हे आम्ही कानीकपाळी ओरडतो. या संग्रहालयाच्या प्रत्येक दुव्यात प्रणालीचं नाव आणि आवृत्ती दोन्ही होती. याच देशात फ्रायबुर्गजवळ ओबरीड इथे, डोंगरातल्या एका जुन्या खाणीत, १९७५ पासून ऐतिहासिक दस्तऐवजांच्या मायक्रोफिल्मचे डबे ठेवले जातात. सीलबंद पोलादी पिंपं, पाचशे वर्षं टिकावीत अशा बेताने. तो विचार करणारं राष्ट्र गावातल्या सर्व्हरचा विचार पाच वर्षांपलीकडे करत नाही.

दुपारी मंत्रालयातून ईमेल आली. तपासणीचा अहवाल त्यांनाही जातो. विचारलं होतं एवढंच: या नोंदी काढल्या तर आपल्या राज्याचा आकडा कितीने खाली येईल? कशाच्या नोंदी आहेत हे विचारलं नव्हतं. २००८ च्या नोव्हेंबरात युरोपियाना सुरू झालं तेव्हा गर्दीने ते पहिल्याच दिवशी कोसळलं होतं, आणि तेव्हाच्या सुमारे २० लाख वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या फ्रान्सकडून आलेल्या होत्या. माझी अशी समजूत आहे की सगळ्या राजधान्यांना आकड्याचं व्यसन तेव्हापासून लागलं. आज तिथे ५ कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि देशांचे तक्ते अजून रंगतात.

मी संग्रहालयात फोन लावला. त्या बाईंनीच उचलला. मूळ मोठी छायाचित्रं एका बाह्य हार्ड डिस्कवर होती. प्रकल्पाच्या शेवटी ती डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवलेली, दुसरी प्रत नाही. त्यांनी भाच्याकडून ती संगणकाला जोडून घेतली. मला फोनमधून टक-टक ऐकू येत होतं. डिस्क फिरतच नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "मी लिहिलेलं पण गेलं का?"

मी म्हटलं, बघून सांगते.

"ठसे इथेच आहेत," त्या म्हणाल्या. "फोटो पुन्हा काढा. पण मला आता बारीक दिसत नाही. ते लिहिणं पुन्हा व्हायचं नाही."

आमच्याकडे एक हुशार सहकारी आहे. रूपांतरित फाइल पुढे गेली की संग्रहालयाने पाठवलेली मूळ फाइल ठेवायची कशाला, जागा अडते, असं त्याचं ठाम मत. मी त्याच्याशी यावरून बरीच भांडले आहे, कारण रूपांतरात काय गळतं ते मी पाहिलेलं आहे. त्या बाईंनी लिहिलेला 'हा ठसा त्या ठशाबरोबर' हा संबंध लिडोच्या फाइलमध्ये क्रमांकासकट नीट होता. आमच्या साखळीतून ईडीएममध्ये जाताना त्याचा नुसता मजकूर झाला, क्रमांक गळला, जोडी तुटली. म्हणून माझ्याकडच्या सगळ्या संग्रहालयांच्या मूळ फाइली मी जपून ठेवते. संध्याकाळी ती फाइल उघडली. सगळं होतं. पडलेल्या तीन तारा, वाकलेली खुंटी, सरकलेली पाकळी, सगळ्या जोड्या. ती फाइल मी त्याच वेळी पालिकेला आणि त्या बाईंना पाठवली. इतकी वर्षं नोंदी गावाकडून राज्याकडे, राज्याकडून देशाकडे, देशाकडून युरोपकडे जाताना मी पाहत आले. उलटा प्रवास मी पहिल्यांदा करवला.

पण चित्रं? आमच्या हाती उरली ती चारशे पिक्सेल रुंदीची छोटी चित्रं. त्यांत पाकळी दिसत नाही, खुंटी तर नाहीच.

आणि इथेच माझं डोकं अजून अडकलेलं आहे. नोंदींचा मजकूर टिकला, कारण तो मुक्त होता. युरोपियानाला मजकूर देताना तो सीसी झिरो परवान्याखाली, म्हणजे कुणीही कशासाठीही वापरावा अशा मोकळीकीने, द्यावा लागतो, २०१२ पासून तसा नियम आहे. म्हणून त्याच्या प्रती आमच्याकडे, राष्ट्रीय संकलकाकडे, युरोपियानाकडे आणि आणखी कुठेकुठे होत्या. चित्रांवर मात्र 'हक्क राखीव, पाहणं मोफत' असा शिक्का होता. तो पालिकेच्या वकिलांनी मारायला लावला होता. कॉपीराइट संपलेल्या दृश्यकलाकृतीच्या साध्या प्रतिकृतीवर नवा हक्क उभा राहत नाही, हे २०२१ पासून जर्मन कायद्यात स्पष्ट आहे. मी ते कलम घेऊन गेले होते. वकिलांचं म्हणणं, ठसा ही कलाकृती नाही, ते अवजार आहे, म्हणून ते कलम लागू नाही आणि फोटोवरचा हक्क शाबूत आहे. कशासाठी एवढं? तर संग्रहालयात ठशांची पोस्टकार्डं विकली जातात.

तो शिक्का नसता तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या भांडारात, कुणी ना कुणी हा संग्रह चढवला असता. तिथले स्वयंसेवक असल्या गोष्टींच्या शोधातच असतात. कलोनच्या नगर-अभिलेखागाराचं उदाहरण इथे प्रत्येक अभिलेखपालाला पाठ आहे. ३ मार्च २००९ रोजी शेजारच्या भुयारी रेल्वेच्या कामामुळे ती इमारत कोसळली, दोन माणसं गेली, जवळजवळ सगळा संग्रह ढिगाऱ्यात गाडला गेला. काही दिवसांतच एक संकेतस्थळ उघडून जगभरच्या अभ्यासकांना सांगण्यात आलं, तुमच्याकडे इथल्या कागदांच्या झेरॉक्स असतील, फोटो असतील, ते इथे चढवा. लोकांनी चढवले. मूळ कागद चिखलात असताना त्यांच्या प्रती कुणाकुणाच्या घरच्या खणांतून आल्या. आमच्याकडे उलट झालं. वस्तू कपाटात सुखरूप, आणि प्रत कुणाकडेच नाही, कारण प्रत करायला आपणच बंदी घातलेली.

अगदीच कुणाकडे नाही असं नाही. मी स्लोव्हाकियातल्या त्या संशोधक बाईंना लिहिलं. त्यांनी अभ्यासासाठी मूठभर ठशांची मोठी चित्रं उतरवून ठेवली होती, ती लगेच पाठवली. सोबत क्षमा मागितली, परवानगी न विचारल्याबद्दल. क्षमा त्यांनी मागावी, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या नोंदी मागे घेण्याची विनंती पाठवली. दुवा चालत नसेल तर नोंद दाखवू नये, हा नियम मला मान्य आहे. दार उघडून आत भिंत दाखवणं ही वाचकाची फसवणूक आहे. पण नोंद काढली की तिचा युरोपियानावरचा पत्ताही जातो, आणि ज्यांनी आपल्या लेखात तो दिला होता त्यांचे संदर्भही तुटतात. त्या ॲप्रनवरच्या लेखातला संदर्भ तुटला. मजकूर खरा होता, पूर्ण होता, त्या बाईंच्या आयुष्याची वर्षं त्यात होती, आणि तो मी माझ्या हाताने यादीतून काढायला लावला. थोडे आठवडे थांबले असते तर? नवीन फोटो येईपर्यंत छोट्या चित्रांवर भागवलं असतं तर? मंत्रालयाला तेच हवं होतं, आकडा राहिला असता. त्यांच्या कारणासाठी मला ते करायचं नव्हतं. माझ्या कारणासाठी करायला हवं होतं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

सध्या मी नोंदी म्युझियम-डिजिटल या सामायिक मंचावर चढवते आहे. तो संग्रहालयांनीच उभा केलेला आहे, गावाचा सर्व्हर गेला तरी नोंद राहते. ज्या ठशांची चित्रं स्लोव्हाकियातून आली ते आधी. डिस्कमधून काही परत मिळवता येईल का, याचं दरपत्रक पालिकेकडे पडून आहे. ठशांचे फोटो पुन्हा काढायचे ठरले आहेत, पण हक्काच्या रकान्यात या वेळी काय भरायचं, यावर आधी बैठक होणार. मी जाणार आहे. त्या बाईही येणार आहेत, आणि वकिलांना विचारायचे प्रश्न त्यांनी मला मोठ्या अक्षरांत लिहून पाठवले आहेत. पहिला प्रश्न आहे, आजवर पोस्टकार्डं किती विकली गेली?